विश्वासू असाल तर हिशेब दाखवा

ख्रिस्ती युवक शिबिरांत, पाळकांच्या परिषदांत आणि आता यूट्यूबवरच्या चर्चांतही एक विषय हमखास असतो. शीर्षक बदलतं, मजकूर तोच राहतो : बदलत्या काळात मंडळीने विश्वासू कसं राहावं? मंडळी म्हणजे चर्च. मराठी ख्रिस्ती घरांत हा शब्द इमारतीपेक्षा माणसांसाठी जास्त वापरतात. मी अशाच घरात वाढलो. आमच्या घरात बाप्तिस्मा आला त्याला चार पिढ्या झाल्या. त्यामुळे हा प्रश्न मी संडे स्कूलपासून ऐकत आलोय आणि त्याची दोन ठरलेली उत्तरंही मला पाठ आहेत.

पहिलं उत्तर वडीलधाऱ्यांचं : जपा. जुनी उपासना जपा, जुनी गीतं जपा, पेटी-तबला जपा, पोरांना मोबाइलपासून आणि नव्या शिकवणीपासून जपा. काळ वाईट आहे, भिंती उंच करा.

दुसरं उत्तर तरुण पाळकांचं आणि नव्या फेलोशिपवाल्यांचं : बदला. एलईडी स्क्रीन लावा, ड्रम आणा, ऑस्ट्रेलिया-अमेरिकेतल्या गाण्यांच्या चालींवर हिंदी शब्द बसवा, प्रवचन वीस मिनिटांत संपवा, त्याचे रील करा. पोरं येत नाहीत कारण तुम्ही बोअर करता.

गेली वीस वर्षं हे दोन गट एकमेकांशी भांडताहेत. माझं म्हणणं असं की दोघांचं भांडण एकाच खोलीतलं आहे. दोघंही रविवारच्या दोन तासांबद्दल बोलतात. त्या खोलीची किल्ली कुणाकडे आहे, खोलीत कुणाला मागे बसवतात आणि खोलीबाहेर काय चाललंय, याबद्दल दोघंही चूप. म्हणून पेटी की गिटार या वादात मला आता रस उरलेला नाही. मंडळीचा विश्वासूपणा दुसरीकडे तपासायला हवा.

तुम्ही ख्रिस्ती नसाल तरी थांबा, पुढे वाचा. देवस्थान असो, वक्फ असो, शिक्षण संस्था असो की एखादं जुनं वाचनालय, या राज्यात जिथे जिथे ट्रस्ट आहे तिथे ही गोष्ट थोड्याफार फरकाने तुमचीही आहे.

तीन शब्द, एक घर

विश्वास, विश्वासू, विश्वस्त. मराठीत हे तीन शब्द एकाच घरातले आहेत. आपण मात्र त्यांची वाटणी करून टाकली. विश्वास गेला प्रवचनाकडे. विश्वासू गेला शोकसभेकडे, कारण माणूस मेल्यावरच आपण त्याला प्रभूचा विश्वासू सेवक म्हणतो. आणि विश्वस्त गेला धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात. तो आता निवडणुकीत जिंकायचा पदार्थ झाला.

शुभवर्तमानं उघडून बघा. येशूच्या दाखल्यांत विश्वासू हे विशेषण ज्याला लागतं तो बहुतेक वेळा चाकर किंवा कारभारी असतो. धनी परगावी जातो, आपलं धन चाकरांच्या हाती देतो आणि परत आल्यावर हिशेब मागतो. ज्या चाकराने मिळालेलं नाणं जमिनीत पुरून जसंच्या तसं जपलं, त्याचीच तिथे सगळ्यांत कडक खरडपट्टी निघते. 'जपा' म्हणणाऱ्यांनी हा दाखला एकदा सावकाश वाचावा. दुसऱ्या एका दाखल्यात कारभाऱ्याला वाटतं, धनी काही इतक्यात येत नाही. मग तो घर आपलंच समजून खातो-पितो आणि हाताखालच्या माणसांना मारझोड करतो. त्याचंही पुढे काही चांगलं होत नाही.

म्हणजे विश्वासूपणा ही मनातली ऊब नाही. दुसऱ्याची वस्तू आपल्या हाती आहे, ती कामाला लावायची आहे आणि तिचा हिशेब द्यायचा आहे, हे ध्यानात ठेवून वागणं म्हणजे विश्वासूपणा. मराठी मंडळीच्या हाती अशा तीन वस्तू आहेत : जमीन, माणसं आणि शब्द. तिन्हींचा हिशेब थकलेला आहे.

जमीन

अमेरिकन मिशनरी मुंबईत आले १८१३ साली. पुढच्या शंभर-सव्वाशे वर्षांत मुंबई, नगर, सातारा, सोलापूर, मिरज, जालना अशा गावांत निरनिराळ्या मिशनांच्या शाळा, दवाखाने, वसतिगृहं, चर्चं आणि दफनभूमी उभ्या राहिल्या. त्यामागे परदेशातल्या साध्या माणसांची वर्गणी होती. इथल्या, बहुतेक अस्पृश्य मानलेल्या जातींतून आलेल्या, गरीब ख्रिस्ती माणसांचे कष्ट होते. मिशनरी गेले आणि मालमत्ता इथल्या विश्वस्त संस्थांकडे आली. तेव्हा गावाबाहेर असलेली ही जमीन आज बसस्थानकाला, हायवेला, बाजारपेठेला लागून आहे. बिल्डर तिच्याकडे बघतात. आमच्यातलेही बघतात.

कायदा कमी नाही. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ३६ नुसार ट्रस्टची स्थावर मालमत्ता विकायची, अदलाबदल करायची किंवा बक्षीस द्यायची तर धर्मादाय आयुक्तांची आधी परवानगी लागते. शेतजमीन दहा वर्षांपेक्षा जास्त आणि इतर जमीन किंवा इमारत तीन वर्षांपेक्षा जास्त काळ भाडेपट्ट्याने द्यायची तरीही लागते. विश्वस्त बदलले की कलम २२ खाली बदल अर्ज द्यावा लागतो. दरवर्षी हिशेब तपासून घ्यावे लागतात.

प्रत्यक्षात काय होतं, ते कुठल्याही जुन्या मिशन कंपाउंडात राहणाऱ्याला विचारा. एका चर्चच्या दोन कमिट्या होतात. दोन्ही स्वतःला खरी म्हणवतात, दोन्ही बदल अर्ज टाकतात. वाद दहा-पंधरा वर्षं लोंबकळतो. तोवर कंपाउंडातल्या लग्नाच्या लॉनचं, होर्डिंगचं, रस्त्याकडच्या गाळ्यांचं भाडं कुठल्या खात्यात जमा होतं, हे मंडळीतल्या म्हातारीला कुणी सांगत नाही. ती दर रविवारी पिशवीत दहाची नोट टाकते आणि घरी जाते. खेड्यातल्या पाळकाचा पगार महिनोन्‌महिने थकतो, वकिलाची फी मात्र थकत नाही.

२९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला सहा संप्रदाय एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. ख्रिस्ती ऐक्याची ती मोठी घटना होती, आणि मी तिची थट्टा करणार नाही. पण एकत्र आलेल्यांपैकी ब्रदरन मंडळीची गुजरातेतली मालमत्ता नेमकी कुणाची, हा वाद थेट सर्वोच्च न्यायालयात गेला आणि २०१३ मध्ये त्यावर निकाल आला. ऐक्याच्या सोहळ्यानंतर त्रेचाळीस वर्षांनी! भावाभावांनी आपले तंटे कोर्टात नेऊ नयेत, त्यापेक्षा नुकसान सोसावं, असं पौलाने करिंथच्या मंडळीला बजावलं होतं. आमच्याकडे तो अध्याय वाचला जातो, त्याच्यावर प्रवचनही होतं, आणि सोमवारी सगळे तारखेला हजर असतात.

यावर एक ठरलेलं उत्तर येतं : जमीन ही ऐहिक बाब आहे, अध्यात्माशी तिचा काय संबंध? हे उत्तर देणारे बहुधा त्या जमिनीचे विश्वस्त असतात. जमीन ऐहिक असेल तर तिच्यासाठी इतकी वर्षं कोर्टात का भांडता? आणि नसेल, तर तिचा हिशेब उपासनेत का वाचून दाखवत नाही?

माणसं

आमच्याकडे व्यासपीठावरून एक वाक्य वर्षातून दहा वेळा ऐकू येतं : ख्रिस्तात जात नाही. ऐकायला छान वाटतं. मग लग्नाचं स्थळ येतं. मुलगा इंजिनिअर, घरचे प्रार्थना करणारे, सगळं उत्तम. आणि मग एखादी मावशी आवाज खाली आणून विचारते, "पण त्यांचं मूळ कोणतं?" हे 'मूळ' म्हणजे काय, ते खोलीतल्या प्रत्येकाला कळतं. मी हा प्रश्न इतक्या घरांत ऐकलाय की आता तो कुठल्या सुरात येणार, तेही आधी ओळखता येतं.

हे काही फक्त प्रोटेस्टंटांचं दुखणं नाही. गोव्यातल्या कॅथलिकांत बामण, चार्डो, सुदिर हे भेद शेकडो वर्षं टिकले आणि लग्न जमवताना अजूनही आठवतात. भारतातल्या कॅथलिक बिशपांच्या परिषदेने डिसेंबर २०१६ मधल्या आपल्या धोरणपत्रात मान्य केलं की चर्चमध्ये दलितांबाबत भेदभाव होतो आणि तो पाप आहे. कागदावर का होईना, मान्य केलं. मराठी प्रोटेस्टंट मंडळींनी एवढं तरी केलंय का? मी तरी कुठल्या रविवारी ते ऐकलेलं नाही.

आता यातली खरी गोम बघा. संविधानाच्या १९५० च्या अनुसूचित जाती आदेशानुसार तो दर्जा आधी फक्त हिंदूंना होता. शीखांचा समावेश १९५६ मध्ये झाला, बौद्धांचा १९९० मध्ये. ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेर राहिले. रंगनाथ मिश्रा आयोगाने २००७ मध्ये धर्माची ही अट काढून टाका अशी शिफारस केली. सर्वोच्च न्यायालयात याचिका २००४ पासून पडून आहेत. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्राने माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली आणखी एक आयोग नेमला.

या लढाईत चर्चची बाजू काय? धर्म बदलला तरी जात सुटत नाही, भेदभाव चालूच राहतो, म्हणून दर्जा द्या. बाजू बरोबर आहे. मी तिच्या बाजूने आहे. पण न्यायालयात आपण म्हणतो जात आहे आणि वेदीवरून म्हणतो जात नाही. दोन्ही वाक्यं एकाच तोंडाने कशी म्हणता? दिल्लीच्या आयोगासमोर जे सत्य सांगायला वकील लावतो, ते आपल्याच मंडळीत उभं राहून सांगायला आपली जीभ का अडखळते? कारण दिल्लीत दोषी समाज असतो. इथे दोषी आपण असतो, आणि आपली मावशी असते.

डॉ. आंबेडकरांनी हे फार आधी ओळखलं होतं. अस्पृश्यांमधल्या ख्रिस्ती धर्मप्रसारावर आणि धर्मांतरितांच्या स्थितीवर त्यांनी लिहिलेले दोन दीर्घ निबंध महाराष्ट्र शासनाने काढलेल्या त्यांच्या समग्र लेखनाच्या पाचव्या खंडात आहेत. मिशनांच्या शाळा आणि दवाखान्यांचं श्रेय ते देतात. पण धर्मांतरित अस्पृश्याला जातीतून सोडवायला चर्चने काय केलं, असा त्यांचा थेट सवाल आहे, आणि त्यांना सापडलेलं उत्तर चर्चला शोभणारं नाही. ख्रिस्ती घरांत हे निबंध वाचलेच जात नाहीत. आमच्या युवक शिबिरांत परदेशी लेखकांची पुस्तकं विकायला असतात, हा खंड नसतो. ज्या मंडळीत निम्म्याहून अधिक माणसं बाबासाहेबांच्या भाऊबंदांतली आहेत, तिथे त्यांचं नाव घ्यायला पाळक कचरतो. हा मला विश्वासघात वाटतो.

शब्द

तिसरी वस्तू शब्द. शुभवर्तमान म्हणजे चांगली बातमी. ती कुणाला चांगली आणि कुणाला अडचणीची, हे नासरेथच्या सभास्थानात येशूने वाचन केलं तेव्हाच स्पष्ट झालं होतं. वाचन संपल्यावर गावकरी त्याला कड्यावरून ढकलायला निघाले होते. आमच्या वाचनानंतर चहा-बिस्किटं असतात.

२०११ च्या जनगणनेप्रमाणे महाराष्ट्रात ख्रिस्ती सुमारे १० लाख ८० हजार होते, म्हणजे लोकसंख्येच्या एक टक्क्यालाही थोडे कमीच. इतक्या लहान समाजाला भीती वाटणं साहजिक आहे. देशातल्या अनेक राज्यांत धर्मांतरविरोधी कायदे आहेत, प्रार्थनासभांवर जमाव चालून जातात, पाळकांना पोलीस ठाण्यात बसवून ठेवतात. ही भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही.

पण भीतीचं आम्ही काय केलं? गावोगावच्या मोठ्या चर्चांनी एक सोपा मार्ग काढला. नाताळला स्थानिक आमदार, नगरसेवक, जो कुणी सत्तेत असेल तो, त्याला बोलवायचं. शाल-श्रीफळ, पुष्पगुच्छ, फोटो, दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी. त्या बदल्यात मिळतं काय? कंपाउंडच्या भिंतीसाठी निधी आणि गप्प राहण्याची सवय. आदिवासी पाड्यावरच्या झोपडीतली प्रार्थना कुणी उधळली तर हेच मोठं चर्च म्हणतं, "ते आपल्या संप्रदायाचे नाहीत."

याच मातीत वेगळं वागणारी माणसं होऊन गेली, म्हणून मी इतक्या कडवटपणे लिहितोय. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडात झाला. तेव्हापासूनच ज्या सिस्टर्सच्या आश्रयाला त्या होत्या, त्यांच्याशी त्यांचा वाद चालू होता. लॅटिन अक्षरं कोरलेला क्रूस मी का घालावा, संस्कृतात काय कमी आहे, असं त्या विचारत होत्या. ख्रिस्त स्वीकारला म्हणून सद्सद्विवेक कुणाच्या हवाली करायला त्या तयार नव्हत्या. पुढे १८९७ मध्ये पुण्यात प्लेग आला. सरकारी इस्पितळ आणि छावण्यांत स्त्रियांचे हाल होत होते, तेव्हा रमाबाईंनी सरकारवर वृत्तपत्रातून जाहीर टीका केली. सरकार कुणाचं होतं? त्यांच्याच धर्माच्या लोकांचं. रमाबाईंचं काम मुख्यतः इंग्लंड-अमेरिकेतल्या देणग्यांवर चाललेलं होतं. गप्प बसायला त्यांच्याकडे आपल्यापेक्षा कितीतरी जास्त कारणं होती.

केडगावला मुक्ती मिशनमध्ये त्या मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचं मराठी भाषांतर करत बसल्या. कमी शिकलेल्या बाईलाही ते कळावं म्हणून साधी भाषा त्यांना हवी होती. छापखान्याचं काम तिथल्या मुली आणि बायका करायच्या. १९२२ मध्ये रमाबाई गेल्या, १९२४ मध्ये संपूर्ण बायबल छापून आलं. शब्दाचा हिशेब असा देतात.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांचं घ्या. त्यांची भजनं आम्ही आजही गातो आणि त्यांना फोटोत बसवून मोकळे होतो. या माणसाने १९१७ मध्ये अमेरिकन मराठी मिशनचं काम सोडलं, पगार सोडला आणि 'देवाचा दरबार' उभा करायला घेतला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून जागा होती. दोनच वर्षांत, १९१९ मध्ये, ते गेले आणि दरबार फार पुढे गेला नाही. तो प्रयोग बरोबर होता की चूक, यावर वाद घाला. पण संस्थेपेक्षा ख्रिस्त मोठा असं मानून पगारावर पाणी सोडणारा पाळक आज दाखवा.

आणि अगदी आपल्या काळातले फादर फ्रान्सिस दिब्रिटो. वसईत बिल्डर आणि गुंडांचं राज्य होतं तेव्हा हरित वसईची चळवळ ज्यांनी उभी केली, त्यांत ते आघाडीवर होते. तिथल्या विहिरी, वाड्या आणि शेतं वाचावीत म्हणून ते रस्त्यावर आले. त्या विहिरींचं पाणी फक्त कॅथलिक पीत नव्हते. पुढे ते धाराशिवच्या २०२० च्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, तेव्हा केवळ धर्मगुरू म्हणून त्यांच्या निवडीला विरोध झाला. ज्यांनी विरोध केला त्यांना वसई ठाऊक नसावी.

शब्दाचा आणखी एक हिशेब बाकी आहे. गावोगावच्या मंडपांत 'चंगाई सभा' भरतात. चंगाई म्हणजे बरं करणं. आजाऱ्यासाठी प्रार्थना करणं हे मंडळीचं कामच आहे, मीही करतो. पण औषध बंद करा म्हणणारा, दशांश दिला की कर्ज फिटेल म्हणणारा, व्हीलचेअरवरून उठवण्याचे व्हिडिओ विकणारा माणूस शुभवर्तमान सांगत नाही, तो गरिबाच्या आजारपणावर धंदा करतो. महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. तो आमच्या मंडपालाही लागू आहे, आणि हे आम्हीच आधी म्हणायला हवं. दुसऱ्याच्या बुवाबाजीवर हसायचं आणि आपल्याला हल्लेलुया म्हणायचं, हे चालणार नाही.

"आत्ता ही वेळ नाही"

हे सगळं वाचून एक आक्षेप येणार, हे मला ठाऊक आहे, आणि तो हलका नाही. समाज दबावाखाली आहे. टपून बसलेले लोक आहेत. अशा वेळी घरची धुणी चव्हाट्यावर का धुता? तुमच्या लेखाचे स्क्रीनशॉट उद्या आपल्याविरुद्ध फिरतील.

फिरतील. पण तीन गोष्टी लक्षात घ्या.

एक, जे लपवायचं म्हणता ते लपलेलंच नाही. ट्रस्टचे वाद धर्मादाय आयुक्तांच्या आणि कोर्टांच्या नोंदींत आहेत. जातीचा भेद तर आपण स्वतःच प्रतिज्ञापत्रावर सांगितलाय. टपून बसलेल्यांना हे सगळं मिळतंच. अंधारात आहेत ते फक्त मंडळीतले लोक. या गुपितामुळे शत्रूपासून संरक्षण होत नाही, विश्वस्तांचं मात्र होतं.

दोन, शांततेच्या काळातही 'आत्ता ही वेळ नाही' हेच ऐकू यायचं. माझ्या आजोबांच्या पिढीला सांगितलं गेलं, नुकतंच स्वातंत्र्य मिळालंय, सांभाळून. वडिलांच्या पिढीला सांगितलं, नुकतंच ऐक्य झालंय, मोडू नका. आम्हाला सांगतात, वारं फिरलंय, गप्प बसा. इतक्या वर्षांत जी वेळ आली नाही ती आपणहून येणार नाही.

तीन, मराठी ख्रिस्ती माणसाने मराठीला दिलेलं सगळ्यांत लाडकं पुस्तक कोणतं? लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे'. ते महाराष्ट्राच्या घराघरांत का पोचलं? लक्ष्मीबाईंनी काही झाकलं नाही म्हणून. नवऱ्याचा विक्षिप्तपणा, घरातली चणचण, आणि मुख्य म्हणजे स्वतःच्या मनातली सोवळ्याची, जातीची गाठ कशी होती आणि ती कशी सुटत गेली, हे त्यांनी हसत-हसत उघड सांगितलं. त्यामुळे ख्रिस्ती समाजाची अब्रू गेली का? उलट त्या एका पुस्तकाने आमची जेवढी इज्जत वाढवली तेवढी शंभर वर्षांच्या अहवालांनी वाढवली नसेल.

दबावाखालच्या समाजाला खरं बोलणं परवडत नाही, असं म्हणतात. माझ्या मते त्याला खोटं परवडत नाही. संख्या नाही, सत्ता नाही, पैसा थोडाच आहे. शब्दाला किंमत राहिली तरच शेजारी आपल्या बाजूने उभा राहील.

मग करायचं काय?

पाळकाला शिव्या घालून आणि चर्च सोडून हा प्रश्न सुटत नाही. माझ्या वयाची पुष्कळ पोरं गेली. काही नव्या फेलोशिपमध्ये गेली, काही कुठेच गेली नाहीत. त्यांचा राग मला कळतो. पण आपण उठून गेलो की किल्ली आहे त्याच हातात राहते. म्हणून जे अजून आत आहेत त्यांच्यासाठी सांगतो.

हातात फोन आहे. महाभूलेखवर जाऊन चर्चच्या जमिनीचा सातबारा बघा. शहरात असाल तर प्रॉपर्टी कार्ड बघा. त्यावर कुणाचं नाव आहे, ते वाचा. धर्मादाय कार्यालयात अर्ज करून ट्रस्टच्या पीटीआरची नक्कल घ्या. त्यात मालमत्तेची आणि विश्वस्तांची नोंद असते. मग वार्षिक सभेत उभे राहा आणि चार गोष्टी मागा : वर्षाचा तपासलेला हिशेब, सगळ्या मालमत्तेची यादी, चालू असलेले खटले, आणि त्या खटल्यांवरचा खर्च. हे सगळं चर्चच्या फलकावर आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर यावं. मंडळीच्या पूर्ण सभेला न विचारता एक गुंठाही जाता कामा नये. उद्धटपणे विचारू नका. अंकलना अंकल म्हणूनच विचारा. पण विचारल्याशिवाय राहू नका.

घरात 'मूळ' विचारलं गेलं की तिथेच, त्याच क्षणी बोला. लग्न तुमचं आहे, बोलायचा हक्क तुमचा आहे. पाळकांकडे आग्रह धरा की वर्षातला एक रविवार तरी जातीच्या पापाच्या कबुलीसाठी ठेवा, आणि त्या दिवशी प्रवचन त्याने करावं ज्याच्या आजोबांनी गावकुसाबाहेरून येऊन या चर्चचे दगड वाहिले. युवक शिबिराच्या टेबलावर आंबेडकरांचा तो खंड ठेवा.

आणि शब्दासाठी एक साधा नियम करा. दर रविवारच्या मध्यस्थीच्या प्रार्थनेत, म्हणजे जिथे आपण इतरांसाठी मागतो तिथे, मंडळीबाहेरच्या एका माणसाचं दुःख नाव घेऊन मांडा : तालुक्यातला आत्महत्या केलेला शेतकरी, ऊसतोडीला गेलेली बाई, वस्ती पाडली गेलेलं कुटुंब, जमावाने मारलेला कुणीही, कुठल्याही धर्माचा. आणि सोमवारी दोघांनी तरी त्या घरी जाऊन यावं. पुष्पगुच्छाचे पैसे त्या प्रवासाला वापरा.

यातलं काहीच नवं नाही. यासाठी परदेशी वक्ता नको, नवी साउंड सिस्टिम नको, वेगळा संप्रदायही नको. पेटीवर गा नाहीतर गिटारवर गा, माझी हरकत नाही. वार्षिक सभा बहुतेक मंडळींत मार्च-एप्रिलच्या आसपास असते. नोटीस फलकावर लागते आणि कुणी वाचत नाही. यंदा वाचा आणि सभेला जा.